नेट गेल्यावर टॅली का बंद पडते? पेठेतल्या एका ऑफिसचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या जून-जुलैमधलं. पुण्यातल्या एका पेठेत, वाडा पाडून बांधलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका सीएंचं ऑफिस आहे. मालकांना सगळे ‘सर’ म्हणतात. त्यांच्या हाताखाली दोन सीनियर, आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणारी मुलंमुली, रिसेप्शन सांभाळणाऱ्या ताई, आणि चहापासून बँकेतल्या चेकपर्यंत सगळं बघणारे मामा. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

इथलं नेटवर्क कोणी आखलेलं नव्हतं, ते साचत गेलं होतं. फायबरची १०० एमबीपीएसची लाइन, तिचा राऊटर रिसेप्शनच्या टेबलामागे. तिथून एक केबल आतल्या खोलीतल्या स्विचला (अनेक केबल एकमेकींशी जोडणारा डबा) आणि स्विचपासून फॉल्स सीलिंगमधून सगळीकडे. ११ कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, अंगठ्याचं हजेरी मशीन. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा एका वेगळ्या कॉम्प्युटरवर होता, त्याला सगळे ‘सर्व्हर’ म्हणायचे. नवीन काही आलं की स्विचवर रिकामं पोर्ट शोधायचं आणि केबल खुपसायची, अशी पद्धत. केबल कुठून कुठे जाते याची चिठ्ठी एकीवरही नव्हती.

अशा छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं मी करतो. मला फोन आला ११ जुलैला, गुरुवारी दुपारी. त्याआधीचे चार आठवडे मी इथे नव्हतो, त्यामुळे तो भाग सांगोवांगी आहे. पण ताईंनी एक पुरावा ठेवला होता, त्याची गोष्ट पुढे येईलच.

तक्रार नेमकी काय होती

‘नेट जातंय.’ चार आठवडे नेट कंपनीच्या कस्टमर केअरला एवढंच सांगितलं जात होतं.

खोदून विचारल्यावर चित्र जरा वेगळं निघालं. नेट सगळ्यांचं एकदम जात नसे. एका मुलाचं जीएसटी पोर्टल व्यवस्थित चालू असे आणि शेजारच्या मुलीच्या स्क्रीनवर कोपऱ्यात ‘नो इंटरनेट’. दुसऱ्या दिवशी उलट. मशीन रीस्टार्ट केलं की कधी सुटायचं, कधी दोनतीनदा करावं लागायचं. सरांच्या नव्या केबिनमध्ये मोबाइलवर वायफायची रेंज पूर्ण आणि व्हॉट्सॲपचा मेसेज मात्र घड्याळाच्या खुणेवर अडकलेला. हे अनेक ऑफिसांत ऐकू येतं, त्यात विशेष काही नाही.

विशेष होतं ते एक वाक्य. तिघाचौघांनी ते मला जाता जाता सांगितलं, प्रत्येकाने अगदी किरकोळ तक्रार म्हणून: ‘नेट गेलं की टॅलीपण जाते, प्रिंटपण निघत नाही.’

टॅलीचा डेटा तर शेजारच्या खोलीत होता. तो उघडायला इंटरनेट लागत नाही. मशीनमधून निघालेली माहिती स्विचपर्यंत जाते, तिथून सर्व्हरला पोचते आणि परत येते. ती इमारतीचा जिनासुद्धा उतरत नाही. तेव्हा नेटबरोबर टॅली आणि प्रिंटर दोन्ही जात असतील, तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये असूच शकत नाही. निदान एकट्या लाइनमध्ये तरी नाही. या एका वाक्यावर कंपनी बदलण्याचा विषय पहिल्याच आठवड्यात मिटला असता. पण कस्टमर केअरच्या फोनवर टॅलीबद्दल कोण बोलणार? आणि बोललं तरी पलीकडच्या माणसाच्या प्रश्नावलीत ते बसणार कुठे?

चार आठवड्यांत काय काय झालं

नेट कंपनीचा तंत्रज्ञ आधी आला तेव्हा त्याने राऊटरमधून स्विचकडे जाणारी केबल काढली, तिथे आपला लॅपटॉप लावला आणि स्पीड टेस्ट घेतली. नव्वदच्या वर एमबीपीएस. फायबरची पॉवर मोजली, उणे १९ डीबीएम. घरगुती फायबरच्या डब्याला साधारण उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे हे उत्तमच. ‘आमच्याकडून ओके आहे,’ असं सांगून तो गेला. ऑफिसात त्याच्यावर बराच राग होता, पण मला तो बरोबरच वाटतो. त्याची हद्द राऊटरपर्यंत आणि तिथपर्यंत सगळं खरोखरच ओके होतं. घोळ एवढाच की त्याने स्विचची केबल काढली तेव्हा दोषही त्या केबलबरोबर बाजूला झाला. टेस्ट स्वच्छ येणारच होती.

दुसऱ्या खेपेला त्याने फायबरचा डबा बदलून दिला. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा पालख्या शहरात मुक्कामाला होत्या, पेठांतले रस्ते बंद, तो आलाच नाही. इथे सरांचा संयम संपला. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), २० तारखेला ३बी (जीएसटी भरण्याचं रिटर्न), त्या वर्षी ३१ जुलैला आयकराची विवरणपत्रं. जुलैत सीएच्या ऑफिसला एक दिवस गमावणं परवडत नाही. सरांनी दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून. एक गेली तर दुसरी असेल, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

९ जुलैला दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. त्याने आपला राऊटर लावला, नेट चालू करून दाखवलं, आणि मामांना विचारलं, ‘ही केबल कुठे देऊ?’ मामांनी स्विचमधलं रिकामं पोर्ट दाखवलं.

त्या क्षणापासून जे अधूनमधून बिघडत होतं ते सतत बिघडू लागलं.

११ जुलै: आधी रिटर्न

मी पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. त्या दिवशीच जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख, बऱ्याच क्लायंटचं काम अर्धवट, आणि सकाळी महावितरणच्या दुरुस्तीमुळे वीज गेलेली. पोर्टलवर लॉगिन होत होतं, पान अर्धं उघडत होतं आणि तिथेच फिरत राहत होतं.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. मूळ कारण शोधत बसायचं की आजचं काम आधी पार पाडायचं? कारण शोधायचं तर केबल काढाव्या लागणार, मशीनं बंद-चालू करावी लागणार, आणि रिटर्न भरणाऱ्याला दर दहा मिनिटांनी ‘जरा थांबा’ म्हणावं लागणार. मी सरांना सांगितलं की आज फक्त निदानापुरतं बघतो, उद्या-परवा वेळ काढून मुळाशी जाऊ.

निदानापुरतं म्हणजे काय, तर एका मशीनवर कमांडची काळी खिडकी उघडून ‘एआरपी मायनस ए’ दिलं. नेटवर्कवरच्या कुठल्या पत्त्यामागे कुठलं उपकरण आहे, ते यात दिसतं. गेटवेचा पत्ता, म्हणजे नेटकडे जाणारा दरवाजा, १९२.१६८.१.१. त्यापुढे एक मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या उपकरणाचा स्वतःचा नंबर. मिनिटभराने तीच कमांड पुन्हा दिली. गेटवे तोच, मॅक ॲड्रेस दुसराच!

दोन्ही कंपन्यांच्या राऊटरना कारखान्यातून एकच पत्ता मिळाला होता आणि आता दोघेही एकाच स्विचवर बसून ‘१९२.१६८.१.१ म्हणजे मी’ असं सांगत होते. एका गल्लीत दोन घरांवर एकच नंबर असेल तर पोस्टमन आज एका घरी पत्र टाकेल, उद्या दुसऱ्या, तसं. पण इथली अडचण चुकलेल्या पत्रापेक्षा मोठी आहे. पोर्टलशी बोलणं सुरू होतं ते एका राऊटरमार्फत आणि त्या बोलण्याची नोंद फक्त त्याच राऊटरकडे असते. मधेच माहिती दुसऱ्या राऊटरकडे गेली की तो म्हणतो, मला यातलं काही माहीत नाही. पान तिथेच लटकतं.

दुसऱ्या लाइनची केबल स्विचमधून काढली. निम्मं ऑफिस लगेच मार्गाला लागलं. बाकीच्यांपैकी ज्यांचं काम लॅपटॉपवर होणार होतं त्यांना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसवलं. रात्री उशिरा शेवटचं रिटर्न गेलं.

निम्मं ऑफिस, सगळं नव्हे. ९ जुलैचा बिघाड बाजूला झाला होता. जूनचा बिघाड आता उघडा पडला होता.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी सरांशी बोललो. त्यांच्या टेबलावर एक कोटेशन आधीच होतं: सगळं वायरिंग नव्याने, नवा रॅक, नवा स्विच. रक्कम या ऑफिसच्या मानाने मोठी. ते काम कधीतरी करायला हवंच होतं, पण जुलैत छत उघडून बसायचं म्हणजे वेडेपणा. शिवाय दोष सापडल्याशिवाय नवं वायरिंग केलं, तर तो नव्या वायरिंगमध्येही तसाच राहायला येऊ शकतो. त्याची शक्यता मला बरीच वाटत होती.

दुसरा पर्याय एका सीनियरने सुचवला: प्रत्येक मशीनला हाताने कायमचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देऊन टाकू. याचा मी गांभीर्याने विचार केला, कारण त्यात एक धागा होता. अंगठ्याचं मशीन आणि डीव्हीआर चार आठवड्यांत एकदाही अडले नव्हते, आणि या दोघांचेच पत्ते हाताने भरलेले होते. म्हणजे सगळ्यांना तसे भरले तर तक्रारी थांबल्या असत्या. पण त्याने रोग झाकला गेला असता. मोबाइल आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे लॅपटॉप तसेच अडकत राहिले असते, आणि उद्या दोन मशीनना चुकून एकच नंबर दिला गेला तर नवं दुखणं.

राहिला तिसरा पर्याय: शनिवारी दुपारी, काम आटोपल्यावर, एकेक टप्पा तपासत जायचं. खर्च फक्त वेळेचा. सर फारसे उत्साही नव्हते. ‘सापडलं नाही तर?’ असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मी म्हटलं, नाही सापडलं तरी दोष कुठे नाही एवढं नक्की कळेल, आणि मग कोटेशनमधला किती भाग खरंच लागतो ते ठरवता येईल. त्यावर ते तयार झाले.

कालनिर्णयवरच्या फुल्या

शनिवारी मी ताईंना सहज विचारलं, की हे साधारण कधीपासून सुरू झालं? त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं. ज्या दिवशी तक्रार आली त्या दिवशी चौकटीत पेनने बारीक फुली, जास्त लोकांची असेल तर दोन. ‘कंपनीवाले विचारतात ना, किती वेळा गेलं म्हणून. तोंडी कोण विश्वास ठेवतो?’

पहिली फुली १३ जूनची. आणि दोन-दोन फुल्या कुठे? १३, २० आणि २७ जून, ४ जुलै, ११ जुलै. सगळे गुरुवार. पुण्यात राहणाऱ्याला यावर फार डोकं चालवावं लागत नाही. दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. म्हणजे वीज जाऊन आली, सगळी उपकरणं एकदम चालू झाली, की बिघाड वाढतो. उरलेल्या दिवसांच्या एकेरी फुल्या बहुतेक सकाळच्या, मशीनं सुरू होण्याच्या वेळच्या.

‘जूनच्या १० तारखेच्या आसपास ऑफिसात काही नवीन आलं का?’

‘नवीन? काही नाही. सरांची केबिन झाली तेवढीच.’

शोध

सगळ्यांना टॅली बंद करायला लावली, सर्व्हरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला. हे सांगायचं कारण असं, की टॅली उघडी असताना केबल उपटली तर डेटा बिघडू शकतो, आणि नेटवर्क दुरुस्त करून कंपनीचा डेटा बिघडवणारे महाभाग मी पाहिलेत.

मग शेजारशेजारची दोन मशीनं घेतली, एक चालणारं, एक अडलेलं. दोन्हीवर ‘आयपीकॉन्फिग ऑल’ ही मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड दिली. चालणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२३, गेटवे १९२.१६८.१.१. अडलेल्याचा पत्ता १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१. त्याखाली ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी एक ओळ असते, तिच्यासमोरही १९२.१६८.०.१.

एका आकड्याचा फरक. तिथेच सगळं होतं.

कॉम्प्युटर चालू झाला की नेटवर्कवर ओरडून विचारतो: मला कोणी पत्ता देईल का? पत्ते वाटण्याचं काम डीएचसीपीचं, आणि छोट्या ऑफिसात ते राऊटरच करतो. नेटवर्कवर असा वाटणारा एकच असावा अशी अपेक्षा असते. दोन असले तर दोघेही उत्तर देतात, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन बहुधा घेऊन टाकतं. इथे कुणीतरी दुसरा १९२.१६८.०.१ या नावाने पत्ते वाटत होता. त्याच्याकडून पत्ता घेतलेलं मशीन वेगळ्याच मोहल्ल्यात जाऊन बसायचं. तिथून सर्व्हर दिसत नाही, प्रिंटर दिसत नाही, आणि नेटचा दरवाजा म्हणून ज्याचं नाव सांगितलं जातं त्याच्यामागे भिंत.

टॅली नेटबरोबर का जात होती, याचं उत्तर हेच. अंगठ्याचं मशीन का अडत नव्हतं, तेही इथेच कळलं: ते पत्ता मागतच नाही. गुरुवारचंही कोडं सुटलं. वीज आल्यावर फायबरचा राऊटर पूर्ण जागा व्हायला दोनतीन मिनिटं घ्यायचा. हा अनोळखी वाटणारा त्याआधीच तयार असायचा. त्या मधल्या वेळात जी मशीनं चालू झाली, ती सगळी त्याच्या वाट्याला.

पण हा होता कुठे? ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं तर एका राऊटरचं लॉगिनचं पान उघडलं. कंपनी कळली, जागा कळली नाही. ताईंच्या फाइलमध्ये त्या कंपनीचं एकही बिल नव्हतं.

मग जुनी, कंटाळवाणी पण हमखास पद्धत. अडलेल्या मशीनवर १९२.१६८.०.१ ला सतत पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) लावून ठेवलं. स्क्रीनवर ‘रिप्लाय फ्रॉम’च्या ओळी एकाखाली एक पडू लागल्या. मी आत स्विचपाशी. एक केबल काढायची, बाहेर बसलेली मुलगी ‘चालू आहे’ म्हणणार, केबल परत लावायची, पुढची काढायची. काढलेल्या प्रत्येक केबलला मामा कागदी टेप गुंडाळून नंबर टाकत होते, म्हणजे चिठ्ठ्यांचं राहिलेलं कामही त्याच फेरीत झालं. तेराव्या पोर्टची केबल काढली आणि बाहेरून आवाज आला, ‘थांबलं!’

तेराव्याची केबल भिंतीतून सरळ नव्या केबिनकडे जात होती.

केबिनमधला डबा

फाइलींच्या कपाटावर, जुन्या डायऱ्यांच्या गठ्ठ्यामागे, एक दोन अँटेनांचा पांढरा राऊटर होता. नेटची केबल लावायचं निळं भोक रिकामं. भिंतीतून आलेली केबल शेजारच्या पिवळ्या भोकांपैकी एकात. हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

केबिन नवीन झाली तेव्हा भिंतीमुळे वायफायची रेंज आत येईना. सरांच्या मुलाने घरी पडून असलेला राऊटर आणून लावला. रेंज आली. त्याने वायफायपुरता विचार केला आणि तेवढ्यापुरतं ते चाललंही. पिवळ्या भोकात केबल लावली की असा राऊटर वायफाय देतो, आणि त्याचबरोबर आपले पत्तेही सगळ्या ऑफिसात वाटत सुटतो. तो भाग त्याच्या लक्षात यावा असं कुठेच काही लिहिलेलं नसतं.

हे सांगायचं कसं, हाही एक निर्णयच होता. चार आठवडे सगळं ऑफिस कंपनीच्या नावाने बोटं मोडत होतं, आणि दोष निघाला मालकांच्या कपाटावर, त्यांच्या मुलाने ठेवलेला. मी सरांना केबिनमध्ये एकटं गाठून दाखवलं.

‘अहो, तो तर नुसता वायफायचा डबा आहे. त्याचा बाहेरच्या मशीनशी काय संबंध?’

मी वाद घातला नाही. त्यांच्याच समोर डब्याचं बटण बंद केलं, अडलेलं मशीन रीस्टार्ट केलं. पत्ता १९२.१६८.१.३१ आला, टॅली उघडली, प्रिंट निघाली. मग दोन्ही बंद करून आधी डबा आणि नंतर फायबरचा राऊटर चालू करून पुन्हा तीच परिस्थिती करून दाखवली. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे दुसरी लाइन उगाचच घेतली.’

डब्याचं काय करायचं? तो सुधारून वापरता येतो: त्याची पत्ते वाटणी बंद करायची, त्याला १९२.१६८.१.२ असा न भांडणारा पत्ता द्यायचा, पासवर्ड बदलायचा. त्या शनिवारी तेच केलं, कारण सरांना सोमवारी केबिनमध्ये वायफाय हवं होतं. पण हा उपाय तात्पुरता होता. अशा डब्याच्या पाठीमागे रीसेटचं बारीक भोक असतं. कुणी टाचणी खुपसली की सगळं मूळपदावर जाऊन वाटप पुन्हा सुरू. ऑगस्टमध्ये त्याजागी छताला लावायचा साधा ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारं उपकरण) बसवला, ज्याला पत्ते वाटण्याची हौसच नाही.

सर्व्हरची उरलेली तक्रार

एवढं होऊनही सोमवारी एक तक्रार आलीच: नेट उत्तम, पण टॅली अधूनमधून अडखळते. हे वेगळं दुखणं होतं आणि थोडक्यात मिटलं. सर्व्हरला पिंग लावून ठेवलं तर मधे मधे उत्तरं गळत होती. त्याची जोडणी १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएसवर आलेली. एक चांगली केबल तात्पुरती जमिनीवरून ओढून लावली, गळती थांबली, वेगही आला. म्हणजे सीलिंगमधली केबल. टेस्टर लावला तर पाच नंबरची तार तुटलेली. वर चढून पाहिलं तेव्हा उंदरांनी कुरतडून केबल सोलून काढलेली दिसली. जीबीपीएसला केबलच्या आतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणून जोडणी मेली नव्हती, नुसती खंगत चालली होती. ती एकच केबल पाइपमधून नव्याने ओढली. सगळ्या वायरिंगचं कोटेशन दिवाळीनंतरवर गेलं.

जूनमध्ये हे दुखणं कुणाला वेगळं ओळखू आलं नव्हतं, कारण सगळंच ‘नेट जातंय’ या एका खात्यात जमा होत होतं.

निकाल

२० जुलैचं ३बी आणि ३१ जुलैची विवरणपत्रं सुरळीत गेली. १८ जुलैच्या गुरुवारी वीज गेली आणि आली, ताईंच्या कालनिर्णयवर फुली पडली नाही. २५ जुलैला खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला, सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्याखाली गेली. त्या दिवशी ऑफिसात दोघंतिघंच पोचू शकले, त्यामुळे त्याचं श्रेय-अपश्रेय काही धरता येत नाही.

दुसऱ्या लाइनचे पैसे भरलेलेच होते. दोन लाइन घेऊन चालणारा राऊटर बसवला आणि स्विचकडे एकच केबल दिली. इथे सरांना दोन्ही लाइन एकत्र करून दुप्पट वेग हवा होता. मी तसं न करण्याचा सल्ला दिला. एका मशीनची काही माहिती एका कंपनीच्या पत्त्यावरून आणि काही दुसऱ्याच्या पत्त्यावरून जायला लागली, की बँकांच्या साइट संशय घेऊन लॉगआउट करतात, आणि या ऑफिसचं अर्धं काम अशाच पोर्टलवर. म्हणून पहिली लाइन चालू, ती पडली तरच दुसरी, अशी मांडणी ठेवली. पत्ते वाटणारा आता हा एकच. सर्व्हर आणि प्रिंटर यांचे पत्ते त्याच्यातच राखून ठेवले, बाकीच्यांना शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले. स्विचच्या दारावर आतून एक कागद चिकटवला: कुठलं पोर्ट कुणाचं, आणि ताईंना विचारल्याशिवाय काही लावायचं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न विचारायला हवा होता: नेट गेल्यावर आणखी काय काय जातं? त्यासाठी तंत्रज्ञ लागत नाही. प्रिंट निघते का, टॅली उघडते का, शेजारच्याचं चालतंय का, वायफाय आणि केबल दोन्हीवर तेच होतंय का. यातलं पहिलं-दुसरं नेटविना चालणारं आहे, आणि तेही बंद असेल तर कंपनीला फोन करण्यात हशील नाही.

कंपनीच्या तंत्रज्ञाने राऊटरवर टेस्ट घेतल्यानंतर तोच लॅपटॉप आतल्या एखाद्या टेबलावरच्या केबलला लावायला कुणी सांगितलं असतं, तर दोष पहिल्याच दिवशी घराच्या आत सरकला असता. त्याचं ते काम नाही, पण विनंती केली तर बहुतेक जण करतात. निदान चहा तरी होतो.

केबिनचं काम झालं त्याची नोंद कुठेच नव्हती, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. इंटिरिअरवाल्याने केबल ओढली, मुलाने राऊटर लावला, आणि दोन्ही गोष्टी तीन दिवस बिनबोभाट चालल्या. तीन दिवसांनी बिघडलं तेव्हा कुणी मागे वळून पाहिलं नाही. ताईंच्या फुल्या दोषाच्या तारखा सांगत होत्या. बदलांच्याही तारखा त्याच चौकटीत असत्या तर दोन्ही एकमेकींशेजारी दिसल्या असत्या. आता ते तसंच करतात, निळ्या पेनने बदल आणि लाल पेनने तक्रार.

थोडे जास्त पैसे घालून सेटिंग करता येणारा स्विच घेतला असता तर हे मुळात घडलंच नसतं. अशा बऱ्याच स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते. पत्ते वाटायची मुभा एकाच पोर्टला द्यायची, बाकी कुठल्याही पोर्टवरून वाटप सुरू झालं तर स्विच ते अडवतो. दिवाळीनंतरच्या वायरिंगमध्ये असा स्विच धरला होता.

दुसऱ्या लाइनबद्दल मात्र माझं आणि सरांचं एकमत झालं नाही. दोन्ही कंपन्यांची फायबर एकाच खांबावरून येते, एकाच खिडकीतून आत शिरते. गणपतीच्या मांडवाला किंवा झाडाच्या फांदीला दोन्ही एकदमच सापडणार. जानेवारी २०२५ मध्ये सहा महिने संपतील तेव्हा ती बंद करून त्याजागी सिमकार्डवर चालणारा राऊटर ठेवावा असं माझं म्हणणं होतं. सरांचं म्हणणं, वेळेला दोन असलेल्या बऱ्या.